राईतला पाचोळा

देवराईत शिरलं की माणसं वर बघतात. भोर-वेल्ह्यातल्या देवरायांमधल्या वनस्पतींच्या नोंदी ठेवता ठेवता मला मात्र गुडघे टेकून खाली बघायची सवय लागली. वर दिसतात ते आजोबा-पणजोबा. त्यांची नातवंडं रुजली आहेत का, हे पाचोळा हाताने बाजूला सारल्याशिवाय कळत नाही.

घाटमाथ्यावरचं आपलं सदाहरित रान मुख्यतः जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचं. यातली जांभळाची बी घ्या. ज्वारीच्या दाण्यासारखी ती कणगीत भरून ठेवता येत नाही. वाळली की मेली. पावसाच्या तोंडावर फळ गळतं, उदमांजर, वटवाघूळ ते खाऊन बी लांब टाकतात, आणि ती ओल्या सावलीत पडली तरच रुजते. ही ओल राखतो तो पाचोळा. बुरशी, वाळवी, गांडुळं तो कुजवून झाडांनी घेतलेलं मातीला परत करतात. पडलेला ओंडकासुद्धा रिकामा नसतो; भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यात वाढतात. पावसाचा मार पाचोळा झेलतो, म्हणून पाणी वाहून न जाता मुरतं. राईखालचा झरा उन्हाळ्यात टिकतो तो बराचसा याच्या जिवावर. वाळकी काटकीही राईबाहेर न्यायची नाही, हा जुना दंडक मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

१९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायाखाली घातल्या. १९७६ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. भाटघर, पानशेतच्या धरणांखाली खोऱ्यातली सुपीक जमीन गेली होती, डोंगरावरचं लाकूड कोळशाच्या भट्ट्यांत जळत होतं. त्यातूनही देवाच्या नावाने राखलेले तुकडे उरले होते. पानशेतच्या पाण्याकाठी शिरकोलीला शिरकाईची राई आजही आहे.

कुऱ्हाडीचं भय लोकांना कळतं. मला आता धास्ती वाटते ती साफसफाईची. एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला. एकही मोठं झाड तोडलं नाही, याचा गावाला अभिमान होता आणि तो खरा होता. पण भोवतीची झुडपं काढली, पाचोळा गोळा करून पेटवला, पुढे फरशी घातली. "देवीच्या दारात अडगळ कशी ठेवायची?" एक आजी मला म्हणाल्या. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. काही वर्षांनी परत गेलो तेव्हा जुन्या नोंदीतली सगळी मोठी झाडं उभी होती. त्यांच्याखाली जांभळाचं एकही रोपटं सापडलं नाही. झुडपांचा आडोसा गेल्याने वारं आणि ऊन थेट गाभ्यापर्यंत पोचत होतं, माती टणक झाली होती. त्या राईतली झाडं जिवंत आहेत. जंगल म्हणून ती संपत आली आहे.

रोपं लावून हे भरून निघत नाही. अनेकदा ती रोपं गुलमोहरासारख्या बाहेरच्या झाडांची असतात, आणि ओल नसेल तर अंजनीही जगत नाही.

दिवाळीनंतर गावोगाव जत्रांच्या बैठका बसतील, देवळासाठी वर्गण्या निघतील. तुमचं गाव या डोंगरांत असेल तर वर्गणी जरूर द्या. देताना एवढं मात्र बैठकीत मांडा: फरशी देवळाच्या जोत्यापाशी थांबू दे, आणि राईतल्या पाचोळ्याला कुणी झाडू किंवा काडी लावू नये.