वेटिंग लिस्टबाईंस

वेटिंग लिस्टबाई,



दिव्यात तुमची ओळख करून द्यावी लागत नाही. इथे घरोघरी कोकणातली माणसं. गणपतीच्या तिकिटापायी दरवर्षी तुमच्याशी गाठ पडतेच. पण तिकीट कन्फर्म झालं नाही, तरी माणूस जनरलच्या डब्यात एका पायावर उभा राहून गाव गाठतो. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजला जनरलचा डबा नाही.

आमच्या शेजारच्या मुलीने यंदा सीईटी दिली. पर्सेंटाइल दशांशापुढे सात आकडे छापतात. तिच्या आईला ते सातही पाठ आहेत. केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडला दुसऱ्या एका कॉलेजात नंबर लागला, हजार रुपये भरून तिने ती जागा राखली आणि व्हीजेटीआयच्या आशेने बेटरमेंट ठेवलं. पोर्टलवर तुमचं नाव कुठेच नाही, घरात मात्र ‘वेटिंग’च म्हणतात. वरच्या पसंतीचं कॉलेज मिळालं की खालची जागा आपोआप रद्द होते, याचीही आईला धास्ती. आणि जिन्यात भेटेल तो विचारतो, ‘‘लागला का नंबर?’’

तुमचं चालतं कसं, हे त्या विचारणाऱ्यांना कोणी सांगत नाही. पवईच्या आयआयटीत ज्याला प्रवेश मिळतो, तो माटुंग्याची जागा सोडतो. माटुंग्याला वर सरकणारा अंधेरीच्या कॉलेजातली सोडतो. मग कुठे दिव्यातली मुलगी एक पायरी चढते. यात तिची हुशारी तसूभरही वाढलेली नसते, आणि नंबर नाही लागला तर कमीही होत नाही. तरी नातेवाईक तोंड पाडून बसतात ते बसतातच.

तिला मी सांगितलंय, मिळालेल्या कॉलेजात रीतसर प्रवेश घे, पहिल्या दिवसापासून वर्गात बस. व्हीजेटीआय 1887 सालची संस्था आहे, ती कुठे पळून जात नाही. चार वर्षांनी ‘गेट’ देऊन एम.टेक.साठी तिथेच अर्ज करता येतो.

आता तुमच्याकडे एक मागणं. कॅप संपल्यावर उरलेल्या जागा कॉलेजं स्वतःच्या पातळीवर भरतात. तेव्हा डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, मार्कशीट अशी सगळी ओरिजिनल्स प्लास्टिकच्या फाइलीत घालून पोरं भर पावसात निघतात. सकाळची लोकल दिव्याला येते ती कल्याण-डोंबिवलीहून भरून. फाइल छातीशी धरून दारात लटकता येत नाही, म्हणून आधी उलटं डोंबिवलीला जायचं आणि तिथून गाडी पकडायची. एवढं करून माटुंग्याला पोचल्यावर कळतं, आपल्या शाखेत जागाच उरलेली नाही.

तेवढं आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर टाकत जा. नाही म्हणायचं असेल तर तेही आदल्या संध्याकाळीच म्हणा.

आपला,
दिवा पूर्वेचा एक रहिवासी