साडेपाच तासांची बेरीज

जरा जुना कुठलाही जावा प्रकल्प उघडा, त्यात तारखा आणि वेळा सांभाळणारा एक मदतनीस क्लास सापडतोच. नाव डेटयुटिल, टाइमहेल्पर असं काहीतरी. आत ‘भारतीय वेळ’ देणारी मेथड, ती परत ‘सर्व्हरची वेळ’ करणारी मेथड, दिवसाची सुरुवात काढणाऱ्या दोन-तीन जवळपास सारख्याच मेथड, आणि कुठेतरी कोपऱ्यात १९८००००० हा आकडा, म्हणजे साडेपाच तासांचे मिलिसेकंद. असे क्लास नीट करण्याचं काम मी बराच काळ करत आलो आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. हा क्लास आवरायचा नसतो, मोडीत काढायचा असतो. लांब मेथड तोडल्या, नावं बदलली, पुनरावृत्ती काढली, तरी दुखणं तसंच राहतं, कारण तीन निराळ्या गोष्टी एकाच प्रकारात कोंबलेल्या असतात. पहिली, क्षण: खात्यातून पैसे वळते झाले तो क्षण पुण्यात आणि टोरांटोत एकच असतो. दुसरी, निव्वळ तारीख: जन्मतारीख किंवा विम्याची मुदत, जिला घड्याळच नाही. तिसरी, एखाद्या ठिकाणच्या भिंतीवरच्या घड्याळातली वेळ: न्यूयॉर्कच्या ऑफिसातली सकाळी नऊची बैठक. जुन्या जावात या तिन्हींसाठी ‘डेट’ नावाचा एकच प्रकार वापरला जायचा, आणि तो आतून फक्त क्षण साठवतो. मग तारखेला खोटी मध्यरात्र चिकटवावी लागते, घड्याळातल्या वेळेत तास मिळवावे-वजा करावे लागतात. मदतनीस क्लासमधली बहुतेक ओळींची गर्दी ही या जुळवाजुळवीची असते.

एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. १ जानेवारी १९४४ ही कुणा निवृत्त माणसाची जन्मतारीख. अर्ज भरताना जावाने तिला त्या दिवशीची भारतातली मध्यरात्र मानलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळं तासभर पुढे केली होती आणि जावा ज्या टाइमझोन डेटाबेसवर विसंबते, त्यात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ हा काळ साडेसहा तासांच्या फरकाने नोंदलेला आहे. त्यामुळे साठवला गेलेला क्षण झाला ३१ डिसेंबर १९४३, यूटीसी १७:३०. आता दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली मदतनीस मेथड तोच क्षण वाचते, त्यात आपले पाठ असलेले साडेपाच तास मिळवते, आणि उत्तर येतं ३१ डिसेंबर १९४३, रात्रीचे अकरा. तारीख बदलली, महिना बदलला, सालही बदललं. लायब्ररीने इतिहास बरोबर पाळला, मेथडने बेरीज बरोबर केली, तरी माणसाचं वय चुकलं. अशा बगवर नेहमीचा उपाय म्हणजे मेथडमध्ये आणखी एक ‘जर’ घालणं. मला तो मान्य नाही. जन्मतारखेला टाइमझोन लावण्याची वेळच यायला नको होती. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मध्ये तारखेसाठी ‘लोकलडेट’, क्षणासाठी ‘इन्स्टंट’ आणि ठिकाणासकट वेळेसाठी ‘झोन्डडेटटाइम’ असे स्वतंत्र प्रकार आहेत. स्टीफन कोलबोर्न यांच्या जोडा-टाइम या लायब्ररीतून उमजलेल्या गोष्टी त्यांत उतरल्या आहेत. जन्मतारीख ‘लोकलडेट’मध्ये ठेवली की वरची सगळी साखळी नाहीशी होते, कारण तिथे मिळवायला तासच नाहीत.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आपल्या देशात एकच प्रमाणवेळ, उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड नाही, मग एवढा खटाटोप कशाला? १९४४चं उदाहरण भारतातलंच आहे, हे एक उत्तर. दुसरं असं की आपला कोड भारतात चालतो हेच आता गृहीत धरता येत नाही. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, आणि यंत्राचा टाइमझोन गुपचूप उचलणारी मेथड विकसकाच्या लॅपटॉपवर एक उत्तर देते, सर्व्हरवर दुसरं. त्यात जुन्या जावाची एक खोड अशी की ‘एशिया/कोलकाता’ या नावात स्पेलिंगची चूक झाली तर ती तक्रार करत नाही, निमूटपणे जीएमटी हातात ठेवते. कार्यक्रम चालू राहतो, अहवाल साडेपाच तासांनी सरकतात. नवी लायब्ररी अशा नावावर तिथल्या तिथे अडते. मला हे अडणं फार मोलाचं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्या लोकांकडून येतो आणि त्याला मी मान देतो: सगळं यूटीसीमध्ये साठवा, दाखवताना बदला, विषय संपला. घडून गेलेल्या घटनांसाठी हे अगदी बरोबर आहे. पण पुढच्या वेळा यूटीसीत गोठवता येत नाहीत, कारण घड्याळाचे नियम सरकारं ठरवतात आणि बदलतात. मेक्सिकोने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या बहुतांश भागातली उन्हाळी वेळ रद्द केली. त्याआधी कुणी मेक्सिको सिटीतली जून २०२३ मधली सकाळी नऊची बैठक यूटीसी १४:०० म्हणून साठवली असेल, तर नव्या नियमाने ती सकाळी आठला दिसणार. लोकांनी नऊ ठरवले होते. त्यांचा शब्द जपायचा तर ‘नऊ वाजता, मेक्सिको सिटी’ हेच साठवायला हवं आणि क्षण आयत्या वेळी काढायला हवा. न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ रोजी पहाटे अडीच वाजलेच नाहीत, आणि २ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजला. अशा वेळी रात्रीचं काम वगळायचं, उशिरा करायचं की दोनदा, हा धंद्याचा निर्णय आहे. तो मदतनीस क्लासच्या पोटात दडवलेला असतो तेव्हा कुणी घेतलेलाच नसतो.

तिसरा आक्षेप, ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ यात तथ्य आहे. पगाराच्या किंवा व्याजाच्या हिशेबाशी जोडलेला कोड एका झटक्यात बदलणं बेजबाबदारपणाचं आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला असतो. आधी आजचं वागणं टेस्टमध्ये पकडायचं, चुकीचं असलं तरी जसंच्या तसं. मग मेथड बोलावणाऱ्या प्रत्येक जागेला विचारायचं: तुला क्षण हवा आहे, तारीख हवी आहे, की गावची वेळ? उत्तर मिळेल तसा त्या जागेचा प्रकार बदलायचा. इथून पुढे कंपायलरच मदतीला येतो, कारण तारखेच्या जागी क्षण दिला तर तो बांधणीच करत नाही. एकेक जागा सुटत जाते तशी मदतनीस क्लासची एकेक मेथड निराधार होते आणि पुसता येते. शेवटी राहावं असं एकच: ‘आत्ता किती वाजले’ हे विचारण्याची जागा. ते घड्याळ बाहेरून देता आलं पाहिजे, म्हणजे टेस्टमध्ये २९ फेब्रुवारी किंवा आर्थिक वर्षाची शेवटची रात्र हवी तेव्हा उभी करता येते.

कोडपेक्षा अवघड असतो आधीच साठलेला डेटा, आणि कामाचा अंदाज देताना नेमका तोच विसरला जातो. जन्मतारखांचा जुना रकाना क्षणांनी भरलेला असतो. कुठली नोंद कुठल्या वाटेने आली हे कुठेही लिहिलेलं नसतं. पण वेळेचा भाग बोलका असतो. यूटीसी १८:३० असलेल्या नोंदी भारतीय मध्यरात्रीच्या, म्हणून तारीख पुढच्या दिवसाची. शून्य वाजताच्या नोंदी यूटीसी मध्यरात्र मानणाऱ्या वाटेने आलेल्या, तिथे तारीख आहे तीच. १७:३०च्या नोंदी युद्धकाळात जन्मलेल्यांच्या. त्यांची तारीख युद्धकाळातल्या साडेसहा तासांच्या मुदतीत बसते ना, हे ताडून पाहायचं आणि पुढचा दिवस धरायचा. या तीन गटांत न बसणाऱ्या मूठभर नोंदी उरतात. त्यांच्यासाठी मी रूपांतराचा नियम लिहीत नाही. त्यांची यादी काढून ज्यांच्याकडे मूळ अर्ज आहेत त्यांच्या हाती देतो, आणि अर्ज पाहून तारीख हाताने भरली जाईपर्यंत जुना रकाना काढू देत नाही.