पाच गुंठे उसाचे बूट

पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला उतरून उत्तरेला वळले की केडगाव लागते. पुढे भीमेचा पूल. पूल ओलांडला की दौंड तालुका संपतो आणि शिरूर सुरू होतो. नदीच्या अंगाने आत गेले की वडगाव रासाई येते. पुण्याचे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा वरच्या बाजूलाच भीमेला मिळालेली असते. त्यामुळे इकडे दोन्ही काठांना नजर जाईल तिथवर ऊस दिसतो. गावाच्या नावातच देवी आहे. वाचकहो, तुम्ही कधी या बाजूला आलात तर रासाईचे दर्शन घेतल्याशिवाय जाऊ नका.

गेल्या गळीत हंगामात मी एका खोडव्याच्या प्लॉटसाठी तिथे गेलो होतो. काम उरकल्यावर शेतमालक म्हणाले, "साहेब, चला, देवीला जाऊन येऊ." त्यांचा पंचवीस वर्षांचा मुलगाही बरोबर आला. तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे. आम्ही दोघांनी चपला काढल्या आणि पायऱ्या चढलो. मुलगा मात्र खालीच थांबला.

"का रे, आत येत नाहीस?" मी विचारले.

"तुम्ही जाऊन या काका. तुम्ही आलात की मी जातो. शूज बाहेर सोडून यायची भीती वाटते."

मी त्याच्या पायांकडे पाहिले. तांबडा, काळा आणि पांढरा असे तीन रंगांचे उंच बूट होते. त्यांना अजून मातीचा डागही लागलेला नव्हता. आम्ही परत येईपर्यंत तो कट्ट्यावर बसून राहिला. मग बूट माझ्या स्वाधीन केले आणि तो आत गेला. तीस वर्षांच्या नोकरीत मी बियाणे, खते, पंप अशा पुष्कळ गोष्टींची राखण केली. बुटांची राखण मात्र त्या दिवशी पहिल्यांदा केली.

घरी गेल्यावर त्याने लोखंडी कपाट उघडले. आत खोक्यांची चळत होती. एकूण नऊ जोड. प्रत्येक जोड पातळ कागदात गुंडाळलेला, आत ओल शोषणारी पुडी. त्यातले दोन जोड तो घालतो, बाकीचे जपून ठेवतो. "किंमत?" असे मी विचारले तेव्हा तो आधी हसला. मग वडील ओट्यावर गेलेत याची खात्री करून हळूच म्हणाला, "घातलेला सतराला पडला." सतरा म्हणजे सतरा हजार.

आपल्या हिशेबाने बघा. २०२५-२६ च्या हंगामात केंद्राने उसाला सव्वादहा टक्के उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये दर ठरवला. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते, ती धरलीच नाही तरी सतरा हजार म्हणजे जवळजवळ पाच टन ऊस. एकरी चाळीस टन धरले तर गुंठ्याला एक टन. म्हणजे पाच गुंठे रानाने वर्षभर पाणी प्यायचे, खत खायचे, तेव्हा हा एक जोड पायात येतो.

हे ऐकून तुम्ही लगेच "काय ही आजकालची पोरं!" म्हणाल. मीही मनात तेच म्हटले. पण जरा थांबा. या बुटांचे मूळ काय आणि त्यात पैसा नेमका कशाचा जातो, हे समजून घेतल्याशिवाय नावे ठेवणे बरे नव्हे.

रबराला गंधकाबरोबर तापवले की ते उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना सापडले. पुढे कापडी बुटाला रबरी तळ बसू लागला. असा बूट चालताना वाजत नाही, म्हणून त्याला "स्नीकर", म्हणजे गुपचूप चालणारा, असे नाव पडले. माझ्या वयाच्या वाचकांनी शाळेत कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट घातले असतील आणि ओला खडू फासून ते पांढरे केले असतील. तेही याच जातीचे. फरक पडला तो १९८५ साली. नाइकी कंपनीने मायकेल जॉर्डन या तरुण बास्केटबॉल खेळाडूच्या नावाने बूट बाजारात आणला, किंमत पासष्ट डॉलर. तिथून लोक बूट विकत घेताना खेळाडूचे नावही विकत घेऊ लागले. या जॉर्डनने १९९८ च्या एका अंतिम मालिकेतील सामन्यात घातलेला जोड २०२३ साली लिलावात बावीस लाख डॉलरच्या पुढे गेला. तेव्हाच्या दराने आपल्या पैशात तो अठरा कोटींच्या आसपास होता.

मुलाने मला पुढचे गणितही समजावले. कंपन्या काही बूट मुद्दाम मोजकेच काढतात. मोबाइलवर नाव नोंदवायचे, मग म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघते. नंबर लागला तर बूट मिळतो, नाहीतर ज्याला मिळाला त्याच्याकडून जादा पैसे देऊन घ्यायचा. त्यानेही एक जोड असा विकून चार हजार सुटे केले होते. "म्हणजे ही गुंतवणूकच आहे काका," तो म्हणाला.

इथे मात्र माझ्यातला कृषीवाला जागा झाला. मी त्याला खालच्या खोक्यातला सर्वांत जुना जोड काढायला सांगितला. सात वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून घेतलेला आणि दोनदाच घातलेला तो जोड होता. मी तळ अंगठ्याने दाबला, तर कडेने भुगा पडला. मुलाचा चेहरा उतरला. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचा मऊ पदार्थ असतो. हवेतली ओल तो हळूहळू खाते आणि काही वर्षांनी तळ आपोआप कुजतो. बूट वापरला नाही म्हणून तो टिकतो असे नाही, नुसता ठेवलेलाही झिजतो. बियाणे पिशवीत दहा वर्षे ठेवले तर त्याची उगवण जाते ना, तसेच हे. सोने पेटीत राहते, बूट राहत नाही. शिवाय नकली मालाचा धोका आहेच. त्याच्या नऊपैकी एक जोड "फर्स्ट कॉपी" निघाला होता. अस्सलच्या भावाने घेतलेला. तक्रार कुणाकडे करणार? देणारा फोन उचलत नाही.

वाचकहो, मोठ्या नावाची किंमत किती असते याचा धडा तर आपल्याच महाराष्ट्राने नुकताच घेतला आहे. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात मॉडेलांच्या पायात ज्या चपला घातल्या, त्या हुबेहूब कोल्हापुरी होत्या. कोल्हापूरचे नाव मात्र कुठेच नव्हते. बातम्यांत त्यांची किंमत लाखाच्या पुढे सांगितली गेली. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, हाताची शिलाई आणि कारागिराचे काही दिवसांचे श्रम यांतून तयार होणारी तीच चप्पल कोल्हापूरच्या दुकानात हजार-बाराशेपासून मिळते. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने मूळ कोल्हापूरचे असल्याचे मान्य केले. जुलैत तिची माणसे कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सुमारे आठशे युरोला, म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढे, जगभर विकायचे असे जाहीर झाले.

कातडे तेच, घडण तीच, पायाला मिळणारे सुखही तेच. मग वरचे ऐंशी हजार कशाचे? नावाचे. हे मी त्या मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग जे बोलला ते मी अजून विसरलो नाही.

"काका, मला ठाऊक आहे हो. पण पुण्यात मॉलमध्ये गेलो की लोक आधी पायाकडे बघतात. साधी चप्पल असली की गावचा आहे हे लगेच कळतं. हे शूज घातले की कुणी गाव विचारत नाही."

याला उत्तर देणे सोपे नाही. पायातले जोडे आपल्याकडे नुसते पायासाठी कधीच नव्हते. आपल्याच गावांत एके काळी काही समाजांच्या माणसांना वाड्यासमोरून जाताना जोडे हातात घ्यावे लागत. ज्यांनी गावाच्या वहाणा शिवल्या त्यांनाच अनवाणी चालायला लावणारी रीत होती. तेव्हा तरुण मुलाने ताठ मानेने चांगला बूट घालावा, यात मला वावगे वाटत नाही. कमावतो, कर्ज काढत नाही, दारू-जुगारात घालवत नाही. एखादा जोड हौसेचा असावा. तो घालावा, मिरवावा आणि झिजवावा.

पण मग माझे लक्ष दाराबाहेर गेले. उंबऱ्याबाहेर घरातली बाकीची पायताणे पडली होती. आजोबांच्या टायरच्या चपला. आईची निळी स्लिपर, एक पट्टा तारेने ओवलेला. वडिलांची प्लॅस्टिकची चप्पल, टाचेला भोक पडलेली. त्याच चपला काढून ते रात्री उसाला पाणी द्यायला बांधावर उतरतात, कारण चिखलात चप्पल रुतते.

उसात रात्री काय असते हे शिरूर-दौंडच्या माणसाला सांगायला नको. बिबट्याची चर्चा सगळीकडे होते, सापाची होत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. रानात घोणस, नाग, फुरसे हे बहुधा पावलाला नाहीतर पोटरीखालीच चावतात. गुडघ्याच्या जवळपास येणारा गमबूट आणि हातात बॅटरी असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. साधा गमबूट हजाराच्या आत येतो. म्हणजे सात-आठ मण उसाचा.

दोष एकट्या मुलाचा नाही. मीही दोषी आहे. तीस वर्षे मी बांधावर उभा राहून बेणेप्रक्रिया सांगितली, ठिबक सांगितले, फवारणीचे प्रमाण सांगितले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, त्यानंतर हातमोजे आणि तोंडाला फडके हेही सांगू लागलो. पण "आधी पायात बूट घाला, मग रानात उतरा" हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा निघाले? मोजून चार-दोनदा.

निघताना मी मुलाला सहज विचारले, "तुझ्या बुटाचा नंबर किती?"

"इंग्लंडच्या मापाने नऊ, अमेरिकेच्या मापाने दहा," त्याने धडाधड सांगितले.

"आणि आईचा?"

तो आईकडे बघू लागला. वहिनी चुलीपाशी होत्या. त्या पदराने तोंड पुसत हसल्या. "मला कुठला नंबर साहेब? बाजारात जे पायाला बसतं ते घ्यायचं." वडिलांचा नंबरही त्याला सांगता आला नाही.

मी त्याला काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. परतीच्या वाटेवर तोच मला मोटारसायकलने चौफुल्यापर्यंत सोडायला आला. भीमेच्या पुलावर गाडी हळू करून म्हणाला, "काका, गमबूट चांगला कोणता ओळखायचा?" मी सांगितले: तळाला खोल खाचा हव्यात, आत कापडाचे अस्तर हवे, पोटरीशी फार सैल नको आणि मोजा घालून मगच माप बघायचे.

आता तुम्हालाही एक काम सांगतो. आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना ओट्यावर बोलवा. दिवसभर चालून पाय किंचित सुजतो, म्हणून माप संध्याकाळीच घ्यावे. जुन्या वर्तमानपत्रावर उभे करून पेन्सिलीने पावलाची रेघ मारा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, कारण ते सारखे नसतात आणि मोठा असेल तोच धरायचा. प्रत्येकाचे नाव आणि माप कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. यादीत पहिले नाव रात्री पाण्याला जाणाऱ्याचे लिहा, दुसरे खुरपायला जाणाऱ्या घरच्या लक्ष्मीचे. त्यांच्या पायांची सोय झाली, की मग मुलाच्या हौसेच्या जोडाला खुशाल पाच गुंठे द्या.