नमुना

जुनी पोस्टकार्डे आणि पाकिटे जमवणारे बरेच आहेत. मी त्यातले 'स्पेसिमेन' जमवतो. कार्ड अस्सलच असते, पण त्यावर इंग्रजीत 'स्पेसिमेन' असा छाप मारलेला असतो. म्हणजे नमुना. ते पोस्टात टाकता येत नाही. त्यावर कोणी कोणाला काही लिहिलेले नसते. "कोरी कार्डे जमवून काय मिळतं?" असे घरचे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

भारत 1876 मध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघात गेला. 1 जुलै 1879 ला इथे पहिले पोस्टकार्ड निघाले. देशात पाव आणा, परदेशी दीड आणा. त्यावर व्हिक्टोरिया राणी, छपाई लंडनच्या डी ला रू कंपनीची. नवे तिकीट किंवा कार्ड निघाले की त्याचे नमुने स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या कार्यालयात जात आणि तिथून संघातल्या बाकी देशांना वाटले जात. दूरदेशीच्या पोस्टातल्या कारकुनाने हिंदुस्थान पाहिलेला नसला, तरी हाती आलेले कार्ड खरे की खोटे हे त्याला नमुन्याशी ताडून पाहता येई. नमुना कोणी वापरू नये म्हणून तो छाप.

पुढे हे छापकाम आमच्या गावात आले. 1925 मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि तिकिटांसाठी लंडनकडे पाहायची गरज संपली. 'प्रेसमध्ये आहे' एवढे म्हटले की नाशिककरांना पुरते. कोणता प्रेस हे विचारावे लागत नाही. इथून दुसऱ्या मुलखांचीही कामे झाली. भारताच्या तिकिटांवर बहरीनचे नाव छापले गेले. 1944 मध्ये मस्कतसाठी 'अल बुसैद 1363' अशी अरबी अक्षरे छापली गेली. गोदाकाठच्या गावाने हिजरी सन छापला, याची मला मौज वाटते.

आणि 1947 मध्ये जॉर्ज राजाच्या तिकिटांवर 'पाकिस्तान' हा शब्दही इथेच छापला गेला. 1 ऑक्टोबर 1947 ला ती तिकिटे तिकडच्या पोस्टात विक्रीला आली. देश वेगळा झाला होता, पण त्याची स्वतःची तिकिटे यायला 9 जुलै 1948 उजाडला. तोवर नाशिकच्या छपाईने काम भागवले.

ही तिकिटेही माझ्या फायलीत आहेत. हिंदू मित्राच्या फायलीत ती असली तर तो इतिहास असतो. माझ्या फायलीत पाहणाऱ्याची नजर तिथे जरा जास्त थांबते. एकाने तर हसत विचारले, "हे कशाला ठेवलंय?" मी म्हटले, "नाशिकचं आहे म्हणून." त्याला ते पटले नसावे. वरचा एक शब्द दिसला की खालचे तिकीट कुठले, हे कोणी पाहत नाही.

तेव्हापासून 'नमुना' या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. कुठे काही घडले की ऑफिसात, सोसायटीत आपल्याकडे वळून विचारतात, "तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?" विचारणारा वाईट नसतो. त्याच्या ओळखीत मुसलमान एकच असतो, आणि त्या एकावरून तो सगळ्यांना ताडून पाहतो. बर्नहून आलेले कार्ड समोर धरावे तसे. कार्डांच्या बाबतीत ही रीत बरोबर आहे, कारण ती सगळी एकाच साच्यातून निघतात. कोकणातला, मालेगावातला, मराठवाड्यातला आणि जुन्या नाशकातला मुसलमान एका साच्यातून निघालेला नाही. बोली वेगळी, स्वयंपाक वेगळा, मतेही वेगळी. आमच्या घरातच चार जणांची पाच मते पडतात.

म्हणून अलीकडे स्पेसिमेनच्या शेजारी मी वापरलेली कार्डे लावू लागलो आहे. आमच्या घरच्या जुन्या कार्डांवर वर 786 आहे आणि खाली मराठीत लग्नाची तारीख, पावसाची बातमी, उसने पैसे परत केव्हा मिळतील याची विचारणा. जागा संपली म्हणून कडेने आडव्या ओळी घातलेल्या. टपालाचे शिक्के, शाईचे डाग. बाजारात यांना स्पेसिमेनची किंमत येत नाही. पण छापील बाजू कितीही सारखी असली, तरी लिहिलेल्या बाजूने यातले एक कार्ड दुसऱ्यासारखे नाही. ओळख करून घ्यायची असेल तर कार्ड उलटून वाचावे लागते.