‘अस्तु’ आणि तांबडी शाई

धुळ्याहून जळगावला परतल्यावर त्याच संध्याकाळी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) पुन्हा पाहिला. संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेत हत्तीमागे चालत जातात. माहुताची तरुण बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिची मातृभाषा कानडी. वृद्ध पंडित तिलाच ‘आई’ म्हणू लागतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मात्र येथे एक सैद्धान्तिक अडचण दिसते. संप्रेषण सामायिक संकेतांवर उभे असते, असे मी वर्गात शिकवतो. येथे ते संकेत जवळजवळ संपले आहेत. तरी संवाद घडतो, आणि तोही पोटच्या मुलीपेक्षा परकीशी अधिक सहज.

धुळ्याला माझ्या गुरूंना भेटून आलो होतो. निबंधांतील अहिराणी रूपे ते तांबड्या शाईने खोडत. (माझीही त्यांनीच खोडली.) आता त्यांना माझे नाव आठवत नाही. जेवणासाठी मी प्रमाण मराठीत केलेल्या आर्जवांकडे ते नुसते पाहत राहिले. त्यांना सांभाळणारी विशीतली मुलगी म्हणाली, “बाबा, जेवी ल्या.” ते निमूट जेवले.

रात्री एका उत्तरपत्रिकेत ‘आला’ऐवजी ‘उना’ दिसले. पेन थबकले. मग मी ते खोडले.