शेण कालवायचं कुणी?

राधानगरीच्या पावसात चूल पेटवणं बाईची परीक्षा पाहतं. माळ्यावरच्या शेणीही सर्द होतात, लाकूड नुसतं धुमसतं, डोळ्यांना धार लागते. आमच्याकडे सिलिंडर होता, पण तो चहापुरता. भाकऱ्या आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. गोठ्यात मात्र पाच जनावरं. म्हणून गोबरगॅस बांधायचा विषय मी घरात काढला.

आम्ही निवडला तो दोन घनमीटरचा दीनबंधू नमुना. जुन्या संयंत्रांवर तरंगती लोखंडी टाकी असायची. ती महाग पडायची आणि गंजायची. १९८४ साली आलेला दीनबंधू सगळा विटा-सिमेंटचा, जमिनीत गाडलेला. त्याला गवंडी मात्र जाणता लागतो. घुमटाला बारीकशी भेग राहिली तरी गॅस निसटतो.

एवढ्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. खड्डा खणण्याआधीच मी विचारलं, "हे रोज कालवायचं कुणी?" गोठा झाडणं, पाणी भरणं, स्वयंपाक माझ्याकडे होताच. मालक म्हणाले, "धारा काढल्या की मी कालवीन." तो शब्द त्यांनी आजवर पाळला आहे. कोकणात, कणकवलीला गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं. शेणात हात घालायला पुरुषाला कमीपणा का वाटावा?

सुरुवातीचा गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून दिला. पुढे शेगडीवर निळी ज्योत धरली. "भाकरीला वास मारंल गं," म्हणणाऱ्या सासूबाईंनी पहिली भाकरी मोडून हुंगली, खाल्ली आणि दुसरी मागितली. थंडीत गॅस कमी येतो. तेव्हा आम्ही शेण कोमट पाण्यात कालवतो आणि एखादा स्वयंपाक चुलीवर उरकतो.

मालकांना खरी गोडी लागली ती गॅस निघून गेल्यावर संयंत्रातून बाहेर येणाऱ्या पातळ शेणाची, म्हणजे स्लरीची. शेणी जाळली की तिच्यातलं बरंचसं नत्र धुराबरोबर जातं. संयंत्रात शेणातला गॅस निघतो, पण नत्र स्लरीत उरतं. तिला ताज्या शेणाइतका वास नसतो, माशाही कमी बसतात. आता ती पाटाच्या पाण्यातून आमच्या उसाला जाते. बाईच्या डोळ्यांतला धूर घराच्या हिशेबात कुणी धरत नाही; खताचा खर्च मात्र लगेच धरला जातो. संयंत्र टिकायचं तर दोन्हींची नोंद एकाच वहीत हवी.

पंचक्रोशीत बंद पडलेली संयंत्रं मी पाहिली आहेत. बांधकाम धड, पण तोंडाशी शेण वाळलेलं. म्हणून कुणी अनुदानाची चौकशी करायला आलं, की मी आधी त्यांच्या घरातल्या कामांची वाटणी विचारते. शेण कालवायला पुरुष तयार असेल तर म्हणते, खुशाल बांधा. नसेल तर आधी त्याला तयार करा, गवंडी मग बोलवा.