टाटा कॅपिटल ३३० वर

टाटा कॅपिटल या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या आयपीओत शेअरचा एकेक लॉट मला आणि डिचोलीच्या माझ्या भाच्याला लागला होता. ४६ शेअर, भाव ३२६, लॉटचे १४,९९६ रुपये. १३ ऑक्टोबर २०२५ च्या सोमवारी आम्ही दोघं म्हापशाला ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसलो. बाहेर दिवाळीचा बाजार भरात होता. नव्या शेअरचा व्यवहार दहाला सुरू होतो. त्याआधी नुसत्या ऑर्डरी घेऊन पहिला भाव काढतात. तो निघाला ३३०. दिवसभर शेअर तिथंच घुटमळला.

"मामा, पंधरा हजार अडकवून लॉटमागे १८४ रुपये?" भाचा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी एलजी इलेक्ट्रॉनिक्सचा नवा शेअर इश्यूच्या ११४० वरून थेट १७१० ला उघडला, आणि तो नेमका त्याला लागलेला नव्हता. मग ऑफिसात जो तो म्हणू लागला, टाटाचा इश्यू फसला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

एलजीसाठी ५४ पट मागणी होती. ज्यांना शेअर मिळाले नाहीत ते पहिल्याच सकाळी बाजारातून घ्यायला धावले. टाटा कॅपिटलचा भरणा दुपटीलाही पोचला नव्हता. आमच्यासारख्या किरकोळ अर्जदारांचा तर जेमतेम पुरता. ज्याला हवा होता त्याच्या खात्यात शेअर आधीच आला होता. दहा वाजता चढा भाव द्यायला नवा माणूस यायचा कुठून? त्यात इश्यू १५,५१२ कोटींचा, म्हणजे विकायला माल भरपूर.

एक गृहस्थ म्हणाले, टाटा सन्स आपले शेअर विकतेय, म्हणून भाव उठला नाही. पण एलजीच्या इश्यूतले तर सगळेच शेअर कोरियातल्या मूळ कंपनीनं विकले होते. तरी तो उसळलाच.

टाटा कॅपिटलला बाजारात येणं भागच होतं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये तिच्या उपकंपनीला (ती पुढे तिच्यातच विलीन झाली) वरच्या थरातल्या वित्तसंस्थांत घातलं आणि शेअर बाजारात नोंदणीला तीन वर्षांची मुदत दिली. नोंदणी होणार या चर्चेवर, नोंदणीआधीचे शेअर खासगीत विकणाऱ्या अनलिस्टेड बाजारात शेअर हजाराच्या घरात गेला. मग जुलै २०२५ मध्ये कंपनीनं जुन्या भागधारकांना राइट्सचे शेअर ३४३ ला दिले, आणि इश्यू त्याहून खाली, ३२६ ला आणला. शेअर बाजारात येईपर्यंत त्याचं मोल पुरतं जोखून झालं होतं. ज्यांनी हजाराला घेतले त्यांच्यासाठी मात्र जीव तुटतो. त्यात साध्या पगारदारांची बचतही असणार.

भाच्याला मी म्हटलं, "एलजीचे वरचे ५७० रुपये विकणाऱ्यानं सोडलेले आहेत. टाटांनी तसे सोडले नाहीत, पण आपल्याकडून जास्तही उकळले नाहीत. पंधरा हजारांत पंधरा हजारांचा माल मिळाला."

"मग विकू?"

"कर्जं कुणाला दिलीत, बुडीत किती, टाटा मोटर्स फायनान्स मे महिन्यात विलीन करून घेतली तिचं ओझं किती, ते बघ आणि मग ठरव."

त्यानं त्याच आठवड्यात विकले. मी ठेवलेत.